एप्रिल छाटणी

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांची प्रार्थना ऐकू येणारी असते. बारसं असो, वास्तू असो, घरातलं कोणी गेलेलं असो, पाळक साहेब येतात, सतरंज्या अंथरल्या जातात, पेटी उघडते. 'उपासना संगीत' हे आमचं गीतांचं पुस्तक हातोहात फिरतं. दोन गीतं होतात, शास्त्रपाठ होतो आणि मग ज्याला जसं सुचेल तसं तो मोठ्यानं देवाशी बोलतो. बाकीचे मध्ये मध्ये 'आमेन' म्हणत त्याला साथ देतात. ही रीत आमच्याकडे भजन-कीर्तनाच्याच वाटेनं आली आहे. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत. त्यांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांना त्याच निर्णयाशी येऊन पोचायला पुढे पाच वर्षं लागली. पण या दोघांमुळे आमच्या भक्तीला जी मराठी चाल लागली ती अजून उतरलेली नाही. मला ती फार प्रिय आहे. मौनाबद्दल लिहायला बसले असले, तरी या आवाजी प्रार्थनेला कमी लेखण्याचा विचारही माझ्या मनात नाही.

मी गाणारी होते. कॉलेजात असल्यापासून मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, गायनवृंदात. प्रार्थना करायची म्हणजे गायचं, असंच माझ्या अंगवळणी पडलं होतं. आनंद झाला तरी एखादं पद ओठावर यायचं, आणि वडील गेले तेव्हाही मी त्यांच्या उशाशी बसून गातच होते. पुढे थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली, जिवावरचं टळलं, त्याबद्दल देवाचे आभार. आवाज मात्र परत आला तो घोगरा आणि आखूड. मध्यमाच्या वर गेलं की नुसती हवा. ऑपरेशननंतरच्या एका रविवारी फळीवर लावलेले गीतांचे क्रमांक पाहून मी पुस्तक उघडलं, सगळ्यांबरोबर उभी राहिले, आणि पहिल्या कडव्यानंतर लक्षात आलं की मला यातलं काहीच करता येत नाहीये. शेजारी उभी असलेली मंडळीतली एक वहिनी माझ्या हातातलं पुस्तक आपल्या बाजूनं धरून गात राहिली. मी ओळी डोळ्यांनी वाचत होते. ती माझी पहिली मूक उपासना. तेव्हा मला त्यात पवित्र असं काही वाटलं नव्हतं.

घरी तर आणखी अवघड गेलं. पहाटे उठायची सवय होती, म्हणून उठून बसायचे. गाता येत नाही आणि मनाचं बोलावं तर शब्द दोन मिनिटांत संपतात. "प्रभू, आवाज दे" एवढंच. ते म्हणून झाल्यावर पुढे काय?

तेव्हा धावून आल्या त्या पाठ केलेल्या प्रार्थना. लहानपणी रविवारच्या शाळेत घोकून घेतलेल्या, बक्षिसाला रंगीत चित्राचं कार्ड मिळायचं त्या. 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', बायबलातलं तेविसावं स्तोत्र, एकशे एकविसावं स्तोत्र. मनापासून आलेली प्रार्थना ती खरी आणि पाठ केलेली म्हणजे पोपटपंची, असं आमच्यातले बरेच जण मानतात. मला ते पटत नाही, आणि पटत नाही याचं एक कारण माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे.

आज नाशिकमध्ये शरणपूर रोड म्हटलं की दुकानं, क्लासेस आणि सिग्नलची रांग डोळ्यांपुढे येते. १८५०च्या दशकात चर्च मिशनरी सोसायटीच्या लोकांनी शरणपूर वसवलं तेव्हा ते गावाबाहेर होतं. बाप्तिस्मा घेतल्यामुळे ज्यांना घर सोडावं लागलं ती माणसं इथं राहिली, अनाथ मुलं राहिली, आणि गुलामांच्या जहाजांवरून इंग्रज आरमारानं सोडवून मुंबईला आणलेली आफ्रिकी मुलंही इथं राहिली. ती इथं हातचं काम शिकली, अक्षर शिकली, शास्त्रवचनं आणि प्रार्थना पाठ करत मोठी झाली. त्यांतला एक जेकब वेनराइट. तो पुढे आफ्रिकेत, तिथं फिरणारे मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या तुकडीत गेला. १८७३च्या मे महिन्यात, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी, लिव्हिंग्स्टन बिछान्याशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मरण पावलेले आढळले. सोबत्यांनी त्यांचं काळीज तिथंच झाडाखाली पुरलं. त्या वेळी दफनविधीची प्रार्थना वाचली जेकबनं आणि झाडाच्या खोडावर अक्षरं कोरली तीही त्यानंच. मग ते शव महिनोन्‌महिने वाहून किनाऱ्यापर्यंत आणलं गेलं, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं तेव्हा शवपेटीचे मानकरी होते त्यांत जेकब होता.

मला त्या झाडाखालच्या क्षणाचं फार वाटतं. लहानपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला मुलगा, परक्या रानात, समोर म्हाताऱ्या माणसाचा देह, भोवती थकलेली माणसं. अशा वेळी आपल्या मनातून शब्द काढायचे कुठून? शरणपुरात जे त्याच्याकडून वाचून आणि घोकून घेतलं होतं, ते त्याच्या तोंडी आलं. माझं दुःख त्याच्या पासंगालाही पुरणारं नाही. पण माझं मन कोरडं असताना तेविसावं स्तोत्र मला त्याच रीतीनं सांभाळत होतं. ते मी म्हणत होते असंही नाही, मी फक्त त्याच्या आत बसत होते.

त्या वर्षी लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, नाशिकरोडला येशूसंघीय (जेझुइट) फादरांनी घेतलेली एक दिवसाची रिट्रीट, एकांतात प्रार्थनेला बसण्याची, होती. आमची मंडळी प्रॉटेस्टंट. नाशिकरोडला आम्ही जातो ते फेब्रुवारीत, बाळ येशूच्या यात्रेला वसई-मुंबईचे पाहुणे आले की त्यांना सोबत म्हणून. या वेळी एकटीच गेले. फादरांनी भाषण असं केलंच नाही. योहानाच्या शुभवर्तमानातल्या पंधराव्या अध्यायाच्या पहिल्या अकरा ओळी वाचायला दिल्या आणि सांगितलं, चारदा वाचा, सावकाश. पहिल्यांदा नुसतं वाचा. दुसऱ्यांदा जिथं पाऊल अडखळेल तिथं थांबा. मग त्या जागेबद्दल देवाशी बोला. आणि मग बोलणंही थांबवा, नुसते त्याच्या समोर असा. बाराव्या शतकात गिगो नावाच्या एका फ्रेंच मठवासी माणसानं या चार पायऱ्या लिहून ठेवल्या आहेत, पण त्याच्याही आधीपासून मठांमधून शास्त्र असंच वाचलं जात होतं.

त्या ओळी आमच्या तोंडपाठ. मी द्राक्षवेल, तुम्ही फांद्या, माझा पिता माळी. नाशिकच्या पाळकांचा हा आवडता उतारा, जिल्ह्यातच द्राक्षं आहेत म्हटल्यावर. त्या दिवशी माझं पाऊल दुसऱ्याच ओळीत अडखळलं. जी फांदी फळ देत नाही ती तो काढून टाकतो, हे समजण्यासारखं आहे. पण जी फळ देते तिलाही तो छाटतो. फळ देणारीला का? मी तिथंच थांबले, तिसऱ्या पायरीवर गेलेच नाही. मनात एवढंच होतं, की मी तर गात होते ना.

पुढे एप्रिलमध्ये एका मैत्रिणीबरोबर तिच्या माहेरी गेले, निफाड तालुक्यात. तिच्या दादांची द्राक्षबाग आहे. माल जाऊन थोडेच दिवस झाले होते आणि बागेत छाटणी चालू होती. नाशिकमध्ये राहून मी द्राक्षं आयुष्यभर खाल्ली, पण खरड छाटणी जवळून कधी पाहिली नव्हती. शहरातल्या बहुतेकांनी पाहिलेली नसते. आपण बाग बघायला जातो ती घड लटकलेले असताना.

मजूर ओळीनं चालले होते आणि कात्रीचा कटकट आवाज येत होता. हिरवी पानं असलेल्या काड्या, ज्यांवर महिन्याभरापूर्वी घड होते त्याच काड्या, बुडाशी एखादा डोळा, म्हणजे नवा कोंब फुटण्याची जागा, राखून सपासप पडत होत्या. मागे उरत होते ते उघडे ओलांडे, म्हणजे तारांवर पसरलेल्या जाड फांद्या, आणि त्यांवर बोटाच्या पेराएवढे खुंट. तारांवरून ऊन सरळ जमिनीवर पडत होतं. ओळींच्या मधल्या जागेत पाला गुडघ्यापर्यंत साचला होता आणि त्याचा हिरवट, तुरट वास येत होता. मी दादांना विचारलं, "एवढं सगळं काढायचं? ही वेल तर चांगली होती."

"चांगली होती म्हणून तर ठेवलीय ताई," ते म्हणाले. "वाईट असती तर खोडच उपटलं असतं."

मग त्यांनी जे समजावलं ते मी इथं माझ्या समजुतीप्रमाणे लिहिते. द्राक्षाला आपल्याकडे वर्षातून दोन छाटण्या. ऑक्टोबरची छाटणी फळासाठी, तिच्यानंतर घड दिसतात. एप्रिलच्या छाटणीनंतर येते ती नुसती काडी आणि पानं, फळ नाही. पण पुढच्या हंगामात किती घड येणार हे ठरतं याच उन्हाळ्यात. छाटणीनंतर दीड-दोन महिन्यांच्या आसपास नव्या काडीवरच्या डोळ्यांच्या आत घड तयार होऊ लागतो. सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात तिला. बाहेरून काही कळत नाही, डोळा तसाच तपकिरी आणि बंद. तेव्हा काडीला भरपूर ऊन मिळायला हवं. त्या दिवसांत आभाळ दाटून राहिलं किंवा पानांची गर्दी होऊन आत अंधार झाला, तर ऑक्टोबरमध्ये घड येत नाही, त्याच्या जागी बाळी, म्हणजे नुसता वळलेला तंतू, निघते. मग कितीही खत-पाणी करा.

"आणि आत घड आहे हे तुम्हाला कळतं कसं?" मी विचारलं.

"ऑक्टोबरच्या आधी काड्या तपासून आणतो. प्रयोगशाळेत डोळा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पण तोवर कळत नाही. तोवर आपलं काम काय, तर ऊन पोचेल एवढं बघायचं."

दादा वारकरी घरातले. योहानाचा पंधरावा अध्याय त्यांनी कधी वाचलेला नाही. मी मात्र बांधावर उभी राहून तो पुन्हा ऐकत होते. येशूनं हे शब्द शिष्यांना शेवटच्या रात्री सांगितले. थोड्याच वेळात त्याला धरून नेणार होते, शिष्य पांगणार होते, तीन वर्षांत जे उभं राहिलं ते सगळं जमीनदोस्त झाल्यासारखं दिसणार होतं. त्या रात्री तो त्यांना यशाची हमी देत नाही. माझ्यात राहा, एवढंच पुन्हा पुन्हा सांगतो. ज्या फांदीला आत्ता फळ नाही, पान नाही, तिनं काय करायचं तर वेलीला धरून राहायचं. मला वाटतं मौन प्रार्थनेबद्दल मला जे म्हणायचं आहे ते हेच. ती एप्रिलातली प्रार्थना आहे. तिच्यात काही घडतंय की नाही हे त्या वेळी बसणाऱ्याला कळत नाही, आणि कळावं अशी तिची अटही नाही. आपल्याकडचं काम एवढंच, की रोज तिथं उघडं होऊन बसायचं, वर पानांची गर्दी होऊ द्यायची नाही.

ही गर्दी म्हणजे काय हे ज्याचं त्याला माहीत असतं. माझ्या बाबतीत ती बरीचशी फोनची असते. पहाटे बसायच्या आधी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचं वचन बघावं म्हणून फोन हातात घेतला, की वचनाच्या खाली वाढदिवस, वाढदिवसाखाली बातमी. म्हणून आता फोन रात्री स्वयंपाकघरातच राहतो.

आविलाच्या संत तेरेजा सोळाव्या शतकातल्या, प्रार्थनेच्या वाटेवरच्या थोर गुरू. स्वतःबद्दल लिहिताना त्या सांगतात, की अठरा वर्षं हातात पुस्तक असल्याशिवाय प्रार्थनेला बसायचं त्यांना धाडस होत नसे. प्रार्थनेचा तास कधी संपतो याकडेच कितीदा लक्ष असे, घड्याळाचा ठोका ऐकायला कान लागलेले असत, हेही त्यांनी लिहून ठेवलं आहे. मला हे वाचून केवढा धीर आला! आमच्या साक्षींमध्ये, म्हणजे मंडळीसमोर आपला अनुभव सांगताना, आपण नेहमी शेवट सांगतो, प्रभूनं कसं सोडवलं, कसं बरं केलं. मधली कोरडी वर्षं कोणी सांगत नाही. ती सांगायला हवीत, कारण नव्यानं बसणारा माणूस तिसऱ्या-चौथ्या दिवशी म्हणतो, मला काहीच जाणवत नाही, हे माझ्यासाठी नसावं. त्याला कोणीतरी तेरेजांचं घड्याळ सांगायला हवं.

आमच्यातल्या काही वडीलधाऱ्यांना या शांत बसण्याची धास्ती वाटते. हे ध्यान-बिन आपलं नव्हे, असं मला प्रेमानंच सांगितलं गेलं आहे. त्यांना मी मार्कच्या शुभवर्तमानाच्या पहिल्याच अध्यायातली ती ओळ दाखवते, जिथं येशू मोठ्या पहाटे अंधार असताना उठून एकांतात जातो. आदल्या संध्याकाळी अख्खं गाव दाराशी जमलं होतं, आणि शिष्य मागोमाग येऊन म्हणतात सगळे तुम्हाला शोधताहेत. किंवा होरेब डोंगरावरचा एलिया संदेष्टा. वारा होऊन जातो, भूकंप होतो, अग्नी होतो, आणि देव यातल्या कशातच नसतो. त्यानंतर येतो तो अगदी हलका स्वर. हे सगळं आपल्याच शास्त्रात आहे. आणि मौनाला नाशिक तरी कुठं नवखं आहे? त्रिरश्मी लेण्यांत भिक्षूंसाठी खोदलेल्या खोल्या दोन हजार वर्षांच्या आहेत. माझ्या शेजारच्या काकू रोज संध्याकाळी हरिपाठ म्हणतात, आणि तो संपल्यावर थोडा वेळ तशाच बसतात. त्या बसण्याबद्दल मला आदर आहे. मी जिच्यासमोर बसते ती व्यक्ती ख्रिस्त आहे, हे माझ्या मनात स्पष्ट आहे, म्हणूनच मला कोणाच्या बसण्याची भीती वाटत नाही.

रात्री मी दिवस परत आठवते. ही रीत संत इग्नाशियस लोयोला यांची. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्यानं पाय मोडून ते अंथरुणाला खिळले, आणि तिथं त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. सरदारकीची स्वप्नं रंगवताना मजा येई पण नंतर मन रितं होई. ख्रिस्तासाठी काही करण्याचे विचार आले, की ते विचार गेल्यावरही समाधान मागे राहत असे. त्यावरून ते मनाच्या हालचाली पाहायला शिकले. मी झोपण्यापूर्वी एवढंच करते: दिवसासाठी आभार मानते, मग दिवस सावकाश पुढे सरकू देते आणि कुठं मन मोकळं झालं, कुठं आवळलं ते पाहते.

सासूबाईंना विसरभोळेपणाचा आजार आहे. सहा महिने त्या माझ्याकडे असतात, सहा महिने जाऊबाईंकडे. जाऊबाईंचा फोन आला की माझा जबडा घट्ट होतो, हे मला अशा एका रात्री दिसलं. त्या काय बोलल्या याच्या आधीच. मी त्याबद्दल काही ठरवलं नाही, फक्त ते रोज रात्री देवासमोर ठेवत राहिले. बऱ्याच महिन्यांनी एकदा फोनवर त्या औषधांबद्दल बोलत होत्या आणि मी ऐकता ऐकता विचारलं, "तुम्ही जेवलात का?" पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग त्या म्हणाल्या, "नाही हो, आज त्यांनी घासच घेतला नाही, त्यांच्या मागं फिरता फिरता माझंही राहिलं." त्यानंतर आम्ही दोघी पाऊण तास बोललो. पहाटेच्या त्या कोरड्या बसण्याचा आणि या प्रश्नाचा संबंध मी सिद्ध करू शकत नाही. पण तो प्रश्न माझ्या स्वभावातला नव्हता.

हल्ली दर गुरुवारी संध्याकाळी मंडळीतले आम्ही काही जण एकत्र बसतो. कोणाच्या तरी हॉलमध्ये, दार लावून, रस्त्याचा आवाज येतो तसा येऊ देऊन. आधी पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स मंडळ्यांमध्ये शतकानुशतकं चालत आलेली छोटी प्रार्थना श्वासाबरोबर मनात म्हणतो. श्वास घेताना 'प्रभू येशू ख्रिस्ता, देवाच्या पुत्रा', सोडताना 'मज पाप्यावर दया कर'. मग एक उतारा वाचतो आणि थांबतो. पुस्तकाच्या पुस्तक ओलांडायची घाई नाही.

सध्या मार्कच्या दहाव्या अध्यायात आहोत, आंधळा बार्तीमय आहे तिथं. याच अध्यायात येशू एकच प्रश्न दोन वेळा विचारतो, हे एवढी वर्षं वाचून कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. मी तुमच्यासाठी काय करावं, अशी तुमची इच्छा आहे? आधी तो हे याकोब आणि योहानाला विचारतो, ते उजवी-डावीकडची आसनं मागतात. मग रस्त्याच्या कडेला बसलेल्या बार्तीमयाला विचारतो, तो दृष्टी मागतो. गेल्या गुरुवारी वाचून झाल्यावर आम्ही बराच वेळ गप्प होतो, कारण तोच प्रश्न आता प्रत्येकाच्या पुढ्यात होता. मला उत्तर देता आलं नाही. पूर्वी विचारलं असतं तर तयार होतं. शेवटी आमच्यातले सगळ्यांत म्हातारे आजोबा म्हणाले, "मला रात्रीची झोप हवी. ही गेल्यापासून लागत नाही." त्यांच्या झोपेसाठी आम्ही प्रार्थना केली. निघताना कोणीतरी विचारलं, पुढच्या गुरुवारी अकरावा अध्याय घ्यायचा का? नको, अजून इथंच थांबू, असं ठरलं.